झूराकान एजेचे फुकट धडे

मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की कुलिपाला सगळ्यांतच खोट दिसते. काराबुलुंगच्या शाळेत मी गणित शिकवते. भिंतीपलीकडे पहिलीचा वर्ग, तो झूराकानचा. माझ्याहून मोठी म्हणून मी तिला एजे म्हणते. मुलंही एजे म्हणतात, त्यांचे आईबापही म्हणतात, कारण तेही तिच्याच हाताखाली अक्षरं गिरवून मोठे झालेत. बुटकी, अंगानं भरलेली, डोक्याला कायम निळा रुमाल. बोलणं इतकं हळू की ऐकू यावं म्हणून मुलं आपोआप गप्प बसतात. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेते, तरी माझा वर्ग म्हणजे गुरांचा बाजारच.

ही गोष्ट तिची आहे. ती स्वतः कधी सांगायची नाही. माझ्या पोटात राहत नाही म्हणून मी सांगते.

आमच्या शाळेला वरून एक प्रोजेक्टर मिळाला होता. मुख्याध्यापक एसेनकुल आगायनी, आगाय म्हणजे आमच्याकडं गुरुजी, तो पडद्याआडच्या नवरीसारखा कापडात गुंडाळून कपाटात ठेवला होता. खराब होईल म्हणे! मी एकदा भर बैठकीत विचारलं, "आगाय, हा वापरायचाय की याला चांगलं स्थळ बघून उजवायचाय?" सगळे हसले, आगाय लाल झाले, आणि दुसऱ्या दिवशी तो पहिलीच्या वर्गात आला.

आला खरा, पण दाखवायचं काय? इंटरनेटवर शिक्षकांसाठी फुकट मिळणारं ढीगभर पडलेलं असतं, पण सगळं रशियन नाहीतर त्याहून लांबचं. आमच्या किर्गिझ पोरांसाठी चिमूटभर. घ घ घराचा म्हणून चित्र शोधावं तर लाल कौलांचं, पांढऱ्या कुंपणाचं घर येतं. जनावर शोधावं तर जिराफ. आमच्या पोरांनी जिराफ बघितलाय कुठं? एक पोरगी म्हणाली, "एजे, या घोड्याला मानेचा आजार झालाय का?"

त्या दिवशी झूराकान एजे घरी गेली आणि फोन घेऊन बसली. वयाच्या पन्नाशीत बाई शिकायला लागली. एक साइट पानं मांडायची, एक चित्रं कापून जोडायची, एक अशी की मुलानं बरोबर चित्राला बोट लावलं की टाळ्या वाजतात. सगळं फुकट, फक्त खातं उघडायचं. एक तरणी रशियन पोरगी व्हिडिओत भराभरा शिकवायची. एजे तिला थांबवायची, मागं न्यायची, पुन्हा ऐकायची. शाळेत सिग्नल तयार धडा दाखवण्यापुरता, करायला पुरत नाही. शाळेमागच्या टेकाडावर मेंढ्यांसाठी मिठाचे खडे ठेवतात, तिथं चांगला येतो. तर ही बाई मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन मेंढ्यांच्या घोळक्यात बसायची. मेंढ्या मीठ चाटायच्या, ही धडे करायची. एकदा एका मेंढीनं लॅपटॉपची कडही चाटली. मी म्हटलं, "एजे, निदान हिला तरी चव आवडली."

तिनं सगळं आपलंच घातलं. वरच्या कुरणातला तंबू, फळीवर वाळत घातलेले दह्याचे गोळे, तुटकं खोगीर, आमच्या पोस्टातला आंधळा कुत्रा. अक्षरांचं आणखी एक दुखणं होतं. किर्गिझची तीन अक्षरं रशियनमध्ये नाहीत. फुकटच्या देखण्या टायपांमध्ये ती टाकली की तिथं रिकामा चौकोन उमटतो. एजेनं ती तिन्ही हातानं कागदावर काढली, फोटो काढला, कापली आणि प्रत्येक धड्यात एकेक करून चिकटवली. त्यातल्या एका अक्षराला खाली शेपूट असतं. तिचं शेपूट कोकराच्या शेपटीसारखं जरा वर वळायचं. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन.

आणि आवाज! आकडे शिकवायच्या धड्यात तिनं नवऱ्याला बसवलं. ओरोझाली म्हणजे आमच्या गावचा ट्रक ड्रायव्हर, अंगानं पहाड. त्यानं एक याक, दोन शिंगरं, तीन बोकड असे सगळ्यांचे आवाज काढून दिले. याकचा हुंकार काढताना त्याला मध्येच हसू फुटलं, ते हसू तिनं तसंच ठेवलं. पोरांना तो धडा इतका आवडायचा की ती रोज मागायची, "एजे, याकआबा लावा ना!" पुढं ओरोझाली बर्फात घाटावरून गेला. ट्रक सापडला, तो नंतर सापडला. त्या हिवाळ्यात एजेनं तो धडा लावला नाही. वसंतात पोरांनी पुन्हा मागितला, तेव्हा तिनं लावला आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मी दारातून बघितलं. मी आत गेले नाही.

प्रत्येक धड्याच्या शेवटच्या पानावर ती बारीक अक्षरांत लिहायची: हा धडा फुकट आहे. घ्या, वापरा, हवा तसा बदला, फक्त कुणी केला ते सांगा. खाली, झूराकान, काराबुलुंग. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर ती धड्यांची लिंक टाकायची. तिथून धडे कुठं कुठं गेले! तलासच्या बाजूची कुणी बाई लिहायची, तुमचा कुत्रा आमच्या पोरांचा लाडका झालाय. कुरणावरच्या तंबूशाळेतले गुरुजी फोनवरच धडा दाखवायचे, बारा पोरं एका फोनवर वाकायची. मी म्हणायचे, "एजे, काहीतरी घे की गं. कष्टाचं आहे." ती म्हणायची, "ज्यावर करते ते मला फुकट मिळालं, कुलिपा. घरी आलेल्याला घोडीच्या दुधाचा कुमीस पाजून त्याचे पैसे घेतो का आपण?" यावर काय बोलणार, कपाळ!

मग सून आली.

एजेला एकच मुलगा, कुबात. चांगला, दिसायला बापावर, स्वभावानं मात्र मऊ मेणासारखा. ज्यानं दाबावं त्याचा ठसा. नारीन शहर आणि राजधानी यांच्यामध्ये टॅक्सी चालवायचा. त्यानं बेगायिमला आणलं. ती शिकलेली, आमच्याच शाळेत दुसरीला लागली. दिसायला नाजूक, वागायला तर विचारू नका. सकाळी उठून सासूला वाकून सलाम. पाहुणा आला की सलाम. चहा देताना कप दोन्ही हातांनी. आमच्याकडं सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. माझ्या थोरल्या दिराचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड, म्हणून मी आजही लोखंडाला 'ते काळं जड' म्हणते. पण हल्लीच्या पोरी हे कुठं पाळतात? बेगायिम पाळायची. झूराकान हे नाव तिच्या तोंडातून कधी आलं नाही. शाळेत हजेरीच्या वेळीसुद्धा "आमच्या थोरल्या घरच्या" म्हणायची. गावातल्या म्हाताऱ्या तिच्यावरून बोटं मोडायच्या. माझ्या सुनेला ऐकवायच्या, बघ, शिक काहीतरी! माझी सून मला "ममा" म्हणते आणि फोनवर माझं नाव 'वादळ' म्हणून ठेवलंय. मला चालतं.

एजे तर सुनेवर जीव टाकायची. तिला सगळं शिकवलं. कापायचं कसं, जोडायचं कसं, आवाज घालायचा कसा. दोघी मिळून टेकाडावर बसायच्या. मग एक दिवस फुकटच्या खात्यातली जागा संपली. साइट म्हणे, आता पैसे भरा. बेगायिम म्हणाली, "आपा," म्हणजे आमच्याकडं आई, "काळजी करू नका. मी माझ्या नावानं नवीन खातं उघडते, सगळं तिथं हलवते." एजे खूश. मी म्हटलं, "एजे, घराची किल्ली अशी एकदम नको देऊस. निदान एक प्रत तुझ्याकडं ठेव."

"किल्ली काय परक्याला देते का? सून आहे माझी."

"लॅपटॉपवर तरी राहू दे."

"लॅपटॉपला आता दम लागतो गं. त्यातलं सगळं काढून टाकलं, जरा बरा चालतोय बिचारा."

बिचारा लॅपटॉप! लॅपटॉपची काळजी, स्वतःची नाही. मी विषय बदलला. म्हटलं, आपण कशाला सासू-सुनेत काडी टाकायची?

राजधानीतल्या एका कंपनीनं शिक्षकांची स्पर्धा ठेवली होती. किर्गिझमधले सगळ्यांत चांगले धडे कुणाचे, अशी. एजेला त्याची गंधवार्ताही नव्हती. एक दिवस शिक्षकांच्या खोलीत एसेनकुल आगाय नाचत आले. खरंच नाचत, पोट हलत होतं. "आपली बेगायिम पहिली आली! आपली शाळा देशात पहिली आली!" फोनवर व्हिडिओ होता. रंगीत मंच, मागं मोठा पडदा, आणि त्या पडद्यावर एजेचं ते अक्षर, कोकराच्या शेपटीचं. मी एजेकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी. आनंदाचं, खुदाशप्पथ! तिला वाटलं तिच्या धड्यांचं कौतुक झालं, आपली सून घेऊन गेली, आपल्या घरात आलं.

मंचावरच्या निवेदक बाईनं बेगायिमला विचारलं, "हे सगळं सुचलं कसं?" बेगायिम मान खाली घालून म्हणाली, "माझ्या वर्गातल्या मुलांसाठी करत गेले. घरातल्या थोरांचा आशीर्वाद आहे." टाळ्या.

"थोरांचा आशीर्वाद?" मी म्हटलं. "थोरांनी केलंय, आशीर्वाद कसला? एजे, नाव कुठं आहे तुझं?"

आणि एजे मलाच समजवायला लागली! "अगं, सून आहे ना ती. एवढ्या लोकांसमोर सासूचं नाव कसं घेईल? उलट मान राखला तिनं माझा." खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. किती संस्कारी, किती मर्यादाशील, मंचावरसुद्धा विसरली नाही. मी एकटी जळत बसले. वाटलं, खरंच माझंच मन काळं आहे की काय.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी पहिलीच्या वर्गातून पोरांचा गलका ऐकू आला. एजेच्या वर्गात गलका? मी खडू टाकून धावले. एजे प्रोजेक्टरसमोर उभी होती. भिंतीवर पोस्टातला कुत्रा अर्धवट धूसर दिसत होता आणि त्यावर मोठं कुलूप. खाली लिहिलं होतं, हा धडा फक्त वर्गणीदारांसाठी आहे. पोरं ओरडत होती, "एजे, कुत्र्याला कुणी कोंडलं?" एजे पुन्हा पुन्हा त्याच जागी बोट लावत होती. तिला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकलं.

"दुसरा लाव," मी म्हटलं.

तिनं दुसरा लावला. कुलूप. तिसरा. कुलूप. मग आकड्यांचा. एक याक दिसला, ओरोझालीनं श्वास घेतला तेवढा ऐकू आला, आणि कुलूप. पोरं म्हणाली, "याकआबा!" एजेनं प्रोजेक्टर बंद केला. फळ्यावर हातानं याक काढला. आणि सगळा तास तोंडानं आवाज काढून शिकवला. मी दारातच उभी होते, माझा वर्ग शेजारी दगड फोडत होता तरी.

सुट्टीत तिनं बेगायिमला बोलावलं. रागानं नाही, हाक मारतात तशी. मी तिथंच बसून राहिले. मला कुणी जा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी गेले नसते.

"बाळा, धड्यांना कुलूप लागलंय. काढ ना."

बेगायिमनं वाकून सलाम केला. मग म्हणाली, "आपा, ते आता कंपनीचं झालंय. त्यांनी मला तिकडं नोकरी दिलीये. मी धडे दिले म्हणून दिली. आम्ही दोघं पुढच्या महिन्यात जाणार आहोत."

"जा की. चांगलं आहे. पण धडे उघडे ठेव. ती कुरणावरची मुलं काय बघतील? आणि शेवटचं पान कुठं गेलं? ज्यावर लिहिलेलं असायचं..."

"ते काढावं लागलं, आपा. करणाऱ्याचं नाव घाला म्हणाले. मी तुमचं नाव कसं घालणार? मी सून आहे."

माझा पारा चढला. "नाव तोंडानं घ्यायचं नसतं, बाई! बोटांनी लिहायला कुणी मनाई केलीये? तुझ्या बोटांचं पण लग्न लागलं होतं का?"

बेगायिम माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मोठ्यांशी वाद घालत नाहीत ना! पुन्हा सलाम केला आणि गेली. तो सलाम मला चपराक मारल्यासारखा लागला.

मी एसेनकुल आगायकडं गेले. ते खुर्चीत सरकून बसले. "कुलिपा, घरातलं भांडण घरात मिटवा. बक्षीस शाळेला मिळालंय. आता कुठं शाळेचं नाव झालंय." मी म्हटलं, "शाळेचं नाव झालं, आणि जिच्यामुळं झालं तिचं?" ते म्हणाले, "सासू-सुना एकच असतात." असं मोठं वाक्य बोलून त्यांनी चहा मागवला. आम्ही चहात मीठ घालतो; त्या चहात मिठाऐवजी माती पडो, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

एजे मात्र शांत होती. "कुबात येऊ दे," म्हणाली. "त्यानं सगळं बघितलंय. पहिल्या धड्यापासून माझ्या शेजारी बसलाय. बापाचा आवाज भरला तेव्हा फोन त्यानंच धरला होता. त्याला माहीत आहे कुणी केलंय. त्या कंपनीचा माणूस बक्षिसाच्या मेजवानीला येणार आहे. कुबात त्याला सांगेल. पैसे नकोत मला, कुलिपा. धडे उघडे राहू देत, आणि कुणी केले ते माहीत असू दे. दुसरं काही नको." ती हे रोज म्हणायची. कुबात येऊ दे. मला धीर द्यायची, ती मला!

बक्षिसाची मेजवानी एजेच्याच घरी झाली. रविवारी दुपारी. मेंढा कापला, अंगणात मोठं पातेलं चढवलं, आतल्या खोलीत लांब सतरंजी घातली. भिंतीपासून मानाप्रमाणे सगळे बसले. सगळ्यांत वर मोल्दोकुल आजोबा, त्यांच्यासमोर मेंढ्याचं डोकं. मग एसेनकुल आगाय. मग कंपनीचा माणूस, कोवळा, पायांत पातळ मोजे, खाली बसून पाय आखडलेला. कुबात त्याच्या शेजारी. कालच आला होता. आईच्या गळ्यात पडला, पण तिच्या डोळ्यांकडं बघायचा नाही. मी म्हटलं ना, मेण. एजेला थोरलेपणाचं शेपटाकडचं मांस मिळालं. ते बेगायिमनं आणून दिलं, दोन्ही हातांनी, वाकून. म्हाताऱ्या पुटपुटल्या, देव भलं करो, देव भलं करो.

जेवण झाल्यावर आजोबांनी हात पुसले. म्हणाले, "आता या गुणी सुनेला दुआ देऊ या."

"थांबा, आजोबा," एजे म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून सगळी खोली गप्प झाली. "आधी मला एक काम आहे."

ती उठली. कानातले चांदीचे झुबे काढले. ते तिच्या सासूनं दिलेले, लग्नातले. आमच्या बाजूला रीत आहे: थोरानं भेट दिली तर सुनेला नाव घ्यायची मोकळीक मिळते. कुणी सहसा देत नाही. तिनं झुबे बेगायिमच्या तळहातावर ठेवले.

"बाळा, आजपासून तू मोकळी. माझं नाव घ्यायला तुला लाज नाही, पाप नाही. हे पाहुणे लांबून आलेत. त्यांना एकदा नाव घेऊन सांग, धडे कुणी केले. एवढंच सांग. मग तुम्ही सुखानं जा, मी दुआ देईन."

 बाहेर पातेल्याखाली लाकूड फुटलं. मी बेगायिमच्या तोंडाकडं बघत होते. ओठ हलले. मला वाटलं, बोलली! पण तिनं रुमाल पुढं ओढला, झुबे जमिनीवर सासूच्या पायांशी ठेवले, खाली वाकून सलाम केला आणि पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली.

"वा!" मोल्दोकुल आजोबांनी गुडघ्यावर थाप मारली. "बघितलंत? मोकळीक दिली, चांदी दिली, तरी पोरीनं नाव घेतलं नाही! अशी सून आता कुठं मिळते! झूराकान, तू नशीबवान आहेस गं!"

सगळ्या म्हाताऱ्यांनी कौतुकानं जिभा वाजवल्या. एकीनं तर डोळे पुसले. माझ्या अंगाची आग आग झाली. मी उठले. "झूराकान! नाव झूराकान आहे! मी काय हिची सून नाही, मी घेते नाव! एकूण एक धडा हिनं केलाय! मिठाच्या खड्यांजवळ मेंढ्यांत बसून केलाय! याकचा आवाज मेलेल्या ओरोझालीचा आहे! अहो, ऐकताय का?"

कंपनीचा माणूस गोंधळला. तो कुबातकडं वळला. "काही गैरसमज आहे का?"

एजेनंही कुबातकडं बघितलं. माझ्यासमोर आहे अजून ते बघणं. तिला अजिबात शंका नव्हती. शाळेच्या कार्यक्रमात आपल्या लेकराची कविता म्हणायची पाळी आली की आई बघते ना, तसं.

कुबातनं सतरंजीवरचा तुकडा उचलला, परत ठेवला. "नाही, गैरसमज काही नाही," तो म्हणाला. "आई थोडी मदत करायची. वय झालंय तिचं. वडील गेल्यापासून जरा... तुम्ही समजून घ्या." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "कुलिपा एजे, बसा ना. घरचा मामला आहे." आणि सगळ्यांत आधी त्यानं दोन्ही हात पसरले. "आजोबा, दुआ द्या."

आजोबांनी दुआ दिली. लांबलचक, सुंदर. वाट सुखाची होवो, घर भरलेलं राहो. "ओमीन," सगळी खोली म्हणाली आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. एसेनकुल आगायनी जरा जास्तच फिरवले. मी माझे हात काखेत धरून ठेवले. एजेनं हात पसरले, ओमीन म्हटलं, चेहऱ्यावरून फिरवले. मग वाकून जमिनीवरचे झुबे उचलले आणि बाहेर गेली.

मी तिच्यामागं गेले. अंगणात चहाच्या समोवाराजवळ ती कोळसे घालत होती. मी बेगायिमला शिव्या द्यायला सुरुवात केली. कुठून आल्या त्या मला माहीत नाही, माझ्या बापानंही दिल्या नसतील अशा. साप म्हटलं, ढोंगी म्हटलं, म्हटलं, हिचे सलाम हिला नरकात नेतील. एजेनं माझा हात धरला.

"तिला नको बोलूस," म्हणाली. "ती परक्या घरची पोर. तिला राजधानी हवी होती. तिला माझं नाव घ्यायची बंदी होती, ती बंदी तिनं वापरली. वापरली तर वापरली." तिनं झाकण लावलं. झाकण दोनदा घसरलं. "पण कुलिपा, कुबातला कुणाची बंदी होती गं? 'माझ्या आईनं केलं', एवढं म्हणायला त्याला कुणी अडवलं होतं?"

मी जन्मभर तोंडाळ. त्या दिवशी खाली बसून कोळसे सारखे करत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं बघितलं. मग आतून कुबातची हाक आली, "आपा, पाहुण्यांना चहा!" तिनं डोळे पुसले नाहीत. कप भरले, ट्रे उचलला आणि आत गेली.